शाळेच्या प्रकल्पासाठी माझे फोटो वापरायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहतो. कास, ठोसेघर, सज्जनगड, वाईचे घाट, लिंब गावची विहीर यांचे फोटो गेली अनेक वर्षं काढतोय. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास मिळाला की निरोपांचा ओघ सुरू होतो आणि तो जानेवारीतल्या विज्ञान प्रदर्शनांपर्यंत काही थांबत नाही. त्यातले बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते माझ्या कामापुरतं वाचून, विचारून समजून घेतलेलं आहे.

१. माझ्या मुलीला आठवीच्या प्रकल्पासाठी तुमचे कास पठाराचे फोटो हवेत. परवानगी कशी मागायची?

मागायची नाही. प्रकल्प वही, तक्ता, वर्गातलं सादरीकरण, परिसर अभ्यासाची चिकटवही, जलसुरक्षेचा प्रकल्प, यांतल्या कशासाठीही फोटो उतरवून घ्या, प्रिंट काढा, चिकटवा. अर्ज नको, मुख्याध्यापकांचं पत्र नको. फक्त खाली नाव, ठिकाण आणि तारीख लिहा. ते कसं, हे प्रश्न ४ मध्ये आहे.

२. पैसे किती?

शाळेच्या अभ्यासासाठी एक रुपयाही नाही.

३. मग प्रत्येक फोटोखाली "सर्व हक्क राखीव" कशाला लिहिलंय? आमच्या पालकांच्या ग्रुपवर तर "फोटो वापरला तर तीन वर्षं तुरुंग" असा मेसेज फिरतोय.

मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून त्याची भीती जास्त वाटते. कॉपीराइटचा भंग हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे खरं. पण ज्या कायद्यात ही शिक्षा आहे, त्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्याच कलम ५२ मध्ये कशाला भंग म्हणायचं नाही याची लांबलचक यादी आहे. शिकवताना-शिकताना शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेतला वापर आणि त्या प्रश्नाच्या उत्तरातला वापर हे सगळं त्या यादीत आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी केलेला वाजवी वापरही आहे. म्हणजे वहीत फोटो चिकटवणाऱ्या मुलीला कायद्यानंच मोकळीक दिलेली आहे. मी परवानगी देतो असं म्हणणं खरं तर थोडं आगाऊपणाचंच, कारण जे माझ्या हातात नाही ते मी काय देणार?

"सर्व हक्क राखीव" ही ओळ लिहिली नसती तरी हक्क तेच राहिले असते. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट आपोआप तयार होतो, नोंदणी करावी लागत नाही. तुमच्या मुलानं मोबाइलवर काढलेल्या फोटोवरही त्याचा असाच हक्क असतो. तरीही ही ओळ ठेवली आहे ती मुलांसाठी नाही. ज्यांच्यासाठी ठेवली आहे त्यांच्याबद्दल प्रश्न १६ मध्ये लिहिलंय.

४. फोटोखाली नेमकं काय लिहायचं? नुसतं "सौजन्य" चालेल का?

"सौजन्य" एवढंच लिहिलं तर ते कुणाचं सौजन्य, हे कळत नाही. असं लिहा:

वायतुरा, कास पठार, सप्टेंबर २०२२. छायाचित्र: (इथं माझं पूर्ण नाव)

चार गोष्टी, एका ओळीत. तक्ता असेल तर प्रत्येक फोटोखाली. वही असेल आणि जागा कमी पडत असेल तर फोटोला क्रमांक द्या आणि शेवटच्या पानावर सगळी नावं एकत्र लिहा. कव्हरवर एकदाच "सर्व फोटो अमुक यांचे" असं लिहिलं तरी चालेल, पण मग ते खरोखरच सगळे माझे असले पाहिजेत. पाचपैकी तीन माझे आणि दोन भलत्याचेच, असं पुष्कळदा होतं.

नावाचा एवढा आग्रह कशाला, असं एका पालकांनी जरा चिडूनच विचारलं होतं. मला त्यातून काही मिळत नाही. पण नाव, ठिकाण आणि तारीख काढून टाकली की फोटो पुरावा राहत नाही, नुसतं रंगीत चित्र उरतं. टोपली कारवीचंच घ्या. ती सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. तारीख नसलेला कारवीचा फोटो वहीत चिकटवून खाली "कासला दरवर्षी फुलणारी फुले" असं लिहिलेले प्रकल्प मी पाहिलेत, आणि त्यांना चांगले गुणही मिळालेले होते! तारीख असती तर निदान बाईंनी विचारलं असतं की बाळ, मागच्या वर्षी आपण सहलीला गेलो तेव्हा ही का नव्हती?

ठिकाणाचंही तसंच. वायतुऱ्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. म्हणजे त्याच्या नावातच सातारा आहे. अशा फुलाच्या फोटोखाली "महाराष्ट्रातील एक फूल" असं लिहून सातारकर मुलानं मोकळं व्हावं, हे मनाला पटत नाही.

५. शिक्षक म्हणतात, सगळ्या फोटोंखाली "गूगल" लिहा. चालेल ना?

नाही. गूगल फोटो काढत नाही, दाखवतं. साताऱ्याच्या नगर वाचनालयातून पुस्तक आणलं म्हणून लेखकाच्या जागी वाचनालयाचं नाव आपण लिहीत नाही, तसंच हे.

शोधात फोटो दिसला की त्यावर टिचकी मारून मूळ पानावर जा. तिथं नाव नसेल तर गूगल लेन्सनं तोच फोटो अजून कुठं आहे ते बघा. सगळ्यांत मोठ्या आकाराची आणि जुनी प्रत जिथं सापडते तिथं बहुधा मूळ मालकाचा पत्ता लागतो. "बहुधा" म्हणतोय, कारण माझेच काही फोटो दुसऱ्यांच्या पानांवर माझ्यापेक्षा मोठे करून टाकलेले आहेत. काहीच सापडलं नाही तर "छायाचित्रकार अज्ञात" लिहा आणि फोटो कुठून घेतला ते पान नोंदवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे ज्याचा मालक माहीत आहे असा दुसरा फोटो घ्या.

एक इशारा. "कास पठार" असं शोधल्यावर येणारे सगळे फोटो कासचे नसतात. जांभळ्या रंगाचा क्षितिजापर्यंत पसरलेला एखादा गालिचा दिसला आणि मागं बर्फाचे डोंगर असतील, तर तो सातारा जिल्हा नाही हे समजायला भूगोलाचं पुस्तक उघडायची गरज नाही. तरी तसे फोटो दरवर्षी वह्यांत येतातच.

६. काका, तुमच्या फोटोवर कोपऱ्यात नाव आहे ते प्रिंटमध्ये वाईट दिसतं. कापलं तर चालेल का?

चालेल, पण कापलेलं नाव खाली पेनानं लिही. हिशोब पूर्ण. मोठ्यांनी मात्र हे वाक्य स्वतःसाठी वापरू नये.

७. झेरॉक्सच्या दुकानातून कलर प्रिंट काढली तर फोटो फाटतो. मोठी फाइल पाठवाल का?

आधी थोडं गणित. इथं ठेवलेले फोटो १,२०० पिक्सेल रुंद आहेत. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १,२०० भागिले ३०० म्हणजे ४ इंच. वहीत चिकटवायला ४ इंच रुंद फोटो पुरतो. तोच फोटो दुकानदारानं ओढून पानभर केला की फाटणारच. दोष ना त्याच्या मशीनचा, ना माझ्या कॅमेऱ्याचा. दुकानात "पानभर" असं न सांगता "एका पानावर चार फोटो" असं सांगा. पैसेही वाचतील.

तक्ता लांबून बघायचा असतो, तिथं इंचाला १५० पिक्सेल पुरतात, म्हणजे हाच फोटो ८ इंचांपर्यंत जातो. त्याहून मोठा हवा असेल तर शिक्षकांनी मला लिहावं: शाळेचं नाव, इयत्ता, कोणता फोटो, कशासाठी. मी फाइल पाठवतो. व्हॉट्सअॅपवर मागवाल तर "डॉक्युमेंट" म्हणूनच, कारण फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबून लहान होतो आणि आपण जिथून निघालो तिथंच येतो.

८. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वर्गात प्रोजेक्टरवर दाखवणं, झेरॉक्स काढून मुलांना वाटणं, घटक चाचणीत फोटो देऊन प्रश्न विचारणं, यांतलं काय चालतं?

तिन्ही चालतं. कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचाही उल्लेख आहे आणि परीक्षेचा वेगळा. "शिकवताना" याचा अर्थ फक्त तासाची घंटा वाजल्यापासून पुढच्या घंटेपर्यंत, असा नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला होता. पुस्तकांतली प्रकरणं एकत्र झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना दिली जात होती, हा आक्षेप होता. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा खंडपीठानं डिसेंबरमध्ये "शिकवण्याच्या ओघात" या शब्दांचा अर्थ बराच ऐसपैस लावला: तयारी, वाचनसाहित्य, तासाआधीचं आणि नंतरचं, शिकवण्यासाठी लागणारं सगळं त्यात धरलं. तो खटला पुस्तकांचा होता, फोटोंचा नव्हता. पण कलम तेच.

तुमच्यासारख्या शिक्षकांना मी स्वतःहून सांगतो की प्रश्नपत्रिकेत फोटो काळापांढरा छापून प्रश्न विचारणार असाल तर आधी एक झेरॉक्स काढून बघा. सीतेची आसवं आणि तेरडा यांतला फरक रंगात सहज कळतो, काळ्या ठिपक्यांत नाही. मुलांचे गुण माझ्या फोटोमुळं जायला नकोत.

९. प्रकल्पाचा व्हिडिओ करून शाळेच्या यूट्यूब चॅनलवर टाकायचाय. तेही शालेयच ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

वर्गाला भिंती असतात. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, शाळेचा आयडी लागतो असा ऑनलाइन वर्ग, यांनाही भिंती आहेत, फक्त विटांच्या नाहीत. त्यांच्या आत फोटो फिरला तर माझ्या लेखी तो वर्गातच आहे. उघडं यूट्यूब चॅनल, फेसबुक पान, इन्स्टाग्राम, शाळेची वेबसाइट, यांना भिंत नाही. तिथं टाकलेली गोष्ट जगासाठी प्रसिद्ध होते आणि शिकवण्याची सवलत तिथंवर पोचते असं खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणून अशा वेळी विचारा. मी बहुधा "हो"च म्हणतो. अटी दोन: फोटो पडद्यावर असेल तोवर नाव दिसलं पाहिजे, शेवटी सरसर वर जाणाऱ्या यादीत नको. आणि त्या व्हिडिओवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू नसावं. व्हिडिओ "अनलिस्टेड" ठेवून लिंक फक्त वर्गाला देणार असाल तर विचारायचीही गरज नाही.

व्हॉट्सअॅप स्टेटसबद्दल मुलं विचारतात. प्रकल्पाचं पान दिसेल असा फोटो खुशाल ठेवा. नुसता माझा फोटो काढून "आजचं क्लिक" असं लिहिलंत तर मात्र मला कुणीतरी लगेच कळवतं. सातारा तसं लहानच गाव आहे.

१०. हस्तलिखित, भित्तिपत्रक, वार्षिक अंक आणि स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स: सगळ्यांना एकच नियम?

नाही. हस्तलिखिताची एकच प्रत असते आणि ती मुलांनी हातानं केलेली असते. ती प्रश्न १ मध्येच बसते. भित्तिपत्रकही. ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिवसासाठी प्रतापसिंह हायस्कूलचा फोटो दरवर्षी बऱ्याच शाळा घेतात. १९०० साली त्याच तारखेला बाबासाहेबांचं नाव त्या शाळेत दाखल झालं, म्हणून तो दिवस. त्यासाठी विचारू नका, लावा.

छापील वार्षिक अंकासाठी विचारा. मी पैसे घेत नाही, पण मुखपृष्ठावर माझा फोटो आणि त्याच्यावर शाळेला देणगी देणाऱ्या दुकानाची जाहिरात, असं एकदा झालंय. म्हणून पान आधी बघायला मागतो.

प्रवेशाचा फ्लेक्स, माहितीपत्रक, रिक्षावरची जाहिरात: नाही. ती शाळेची जाहिरात आहे, शाळेचा अभ्यास नाही. हवं असेल तर रीतसर बोलू.

११. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तक्ता लावला तर? आणि तो पुढं जिल्ह्याला गेला तर?

लावा. जिल्ह्याला गेला तर मला कळवा, आनंद होईल, परवानगीसाठी नव्हे.

छायाचित्रण स्पर्धेत मात्र माझा फोटो स्वतःच्या नावानं देऊ नका. हे लिहायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. दरवर्षी एखादा तरी असतो, आणि बहुतेक वेळा तो फोटो मुलानं नाही, घरातल्या मोठ्यांनी पाठवलेला असतो.

१२. तुमच्या फोटोवरून मुलानं चित्र काढलं. ते चित्र कुणाचं?

रेषा त्याच्या, रचना माझी. सरावासाठी, चित्रकलेच्या तासासाठी, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीसाठी हवं तितकं काढा. मागच्या बाजूला "अमुक यांच्या छायाचित्रावरून" एवढं लिहा. ते चित्र विकायचं किंवा छापायचं असेल तर आधी बोला. मेणवलीच्या घाटाची माझ्या फोटोवरून काढलेली जलरंगातली दोन चित्रं मी स्वतः विकत घेतलीत, तेव्हा फार घाबरू नका.

१३. फोटोचे रंग वाढवले, फुलं एआयनं जास्त दाखवली, आकाश बदललं तर?

कडा कापणं, तक्त्यात बसवायला लहान करणं, बाण काढून पाकळी-पुंकेसर दाखवणं हे चालतंच. बाण काढा, त्यासाठीच तर फोटो आहे.

रंग आणि फुलं बदलू नका. कायद्यात लेखक-कलावंताला कलम ५७ खाली एक वेगळा हक्क आहे, आपल्या कामाची मोडतोड करून आपली बदनामी होईल असं केलं तर हरकत घेण्याचा. तो मी मुलांवर कधी वापरणार नाही. पण प्रकल्प विज्ञानाचा असेल तर रंग ही माहिती आहे. गेंदाची फुलं पांढरी असतात. ती गुलाबी केली की प्रकल्प गोष्टीच्या पुस्तकात गेला. एआयनं बनवलेलं किंवा बदललेलं चित्र वापरायचंच असेल तर खाली तसं स्पष्ट लिहा आणि माझं नाव तिथून काढा. इतर सगळीकडं नाव घाला म्हणतो, इथं नको म्हणतोय, हे लक्षात घ्या.

१४. लिंबची बारामोटेची विहीर अठराव्या शतकातली. ती काय तुमची आहे? मग फोटो तुमचा कसा?

प्रश्न खोचक आहे, पण बरोबर आहे. विहीर माझी नाही. शिलालेखाप्रमाणं वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवली. विहिरीच्या रूपावर आज कुणाचाच कॉपीराइट नाही, आणि तुम्ही जाऊन फोटो काढलात तर तो संपूर्ण तुमचा. माझा हक्क आहे तो मी ज्या जागी उभा राहिलो, ज्या वेळेची वाट पाहिली आणि जी चौकट धरली, तेवढ्यावर. पायऱ्यांवरून तिरपं ऊन पाण्यापर्यंत पोचतं तो वेळ थोडा असतो. दुसऱ्या कुणी त्याच पायरीवर, त्याच वेळी उभं राहून काढला तरी तो त्याचा. मी तक्रार करू शकत नाही, करणारही नाही.

१५. इतिहासाच्या प्रकल्पासाठी जुने फोटो हवेत: प्रतिसरकार, कोयनेचा भूकंप. ते तर जुने आहेत, मोकळे असतील ना?

वर्गातल्या प्रकल्पापुरतं (प्रश्न १ आणि ८) जुना असो की नवा, फरक पडत नाही. वार्षिक अंकात छापायचा किंवा उघड्या चॅनलवर टाकायचा असेल तर पडतो, आणि तिथं अंदाज हमखास चुकतो.

२०१२ पर्यंत फोटोचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असायचा. २१ जून २०१२ पासून तो छायाचित्रकाराचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं असा झाला. तोवर ज्यांची मुदत संपली होती ते फोटो मोकळेच राहिले. हिशोब केला तर १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेले फोटो मोकळे. म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा, १९४३ ते १९४६ या काळातला, तेव्हाच वर्तमानपत्रात छापून आलेला फोटो असेल तर वापरा.

पण त्याच काळातला, कधीच न छापलेला, कुंडल किंवा वाळव्याकडच्या एखाद्या घराच्या पेटीतून निघालेला फोटो असेल तर? तो प्रसिद्धच झाला नव्हता, त्यामुळं त्याची ६० वर्षं मोजायला सुरुवातच झाली नव्हती. काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं होईपर्यंत त्याचा हक्क वारसांकडं असू शकतो. शिवाय पेटी ज्या घरातली त्या घराला विचारणं हे कायद्याच्याही आधीचं.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तेव्हा छापलेले फोटो जुन्या हिशोबानं २०२७ अखेर मोकळे झाले असते. २०१२ साली मुदत शिल्लक होती, म्हणून ते नव्या नियमात गेले आणि आता छायाचित्रकाराच्या आयुष्यावर मोजले जातात. म्हणजे बरीच वर्षं मोकळे होणार नाहीत. सरकारी खात्यानं काढलेल्या फोटोंना मात्र अजूनही प्रसिद्धीपासून ६० वर्षंच. एखाद्या खात्याच्या १९६२ सालच्या पुस्तिकेत पहिल्यांदा छापलेला धरणाच्या बांधकामाचा फोटो २०२२ अखेर मोकळा झाला.

हे वाचून डोकं गरगरलं असेल तर सोपा मार्ग: ज्या वर्तमानपत्राचा किंवा घराचा फोटो आहे त्यांना एक पत्र लिहा. शाळेच्या मुलांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या पत्राला सहसा नकार येत नाही.

१६. आमचे खासगी क्लासेस आहेत. नोट्समध्ये आणि विक्रीच्या तक्त्यांत फोटो वापरले तर तेही शिक्षणच ना?

क्लासच्या तासाला दाखवलात तर भांडणार नाही. छापून विकलंत तर ते शिक्षण नाही, धंदा आहे, आणि धंद्याला दर असतो. गाईड, प्रश्नसंच, तक्ते, चिकटचित्रांचे कागद, मोबाइल अॅप, सगळं यात आलं. आधी लेखी विचारा.

हे एवढ्या कोरडेपणानं लिहायला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका स्टेशनरीच्या दुकानात "आपली रानफुले" असा तक्ता टांगलेला दिसला. त्यातले चार फोटो माझे होते. नाव नव्हतं, ते एक वेळ सोसलं. पण मिकी माऊससारख्या दिसणाऱ्या कवल्याखाली "सोनकी" छापलं होतं आणि सोनकीच्या खाली आणखी तिसरंच. छापणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मुलांना काय कळतंय?" मुलांनी तो तक्ता बघूनच वह्या लिहिल्या. त्यातल्या काही वह्यांत नंतर मला "सोनकी"चा फोटो म्हणून माझाच कवला परत भेटला.

१७. तुम्ही आमच्या शाळेचा दहावीचा ग्रुप फोटो काढला होता. तो छापायला तुमची परवानगी लागते?

नाही, उलट मला तुमची लागेल. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, सांगणाराच असतो. लग्नाचे फोटोही तसेच. फोटोग्राफर "फाइल देत नाही" म्हणत असेल तर तो वाद फाइलचा आणि आधी ठरलेल्या बोलीचा आहे. प्रती काढण्याचा हक्क मात्र तुमचा.

१८. तुमच्या फोटोत मेंढपाळ, शेतातल्या बायका, लहान मुलं दिसतात. त्यांचं काय?

वहीत चिकटवा. उघड्यावर टाकणार असाल (प्रश्न ९) तर चेहरा ओळखू येणारे, विशेषतः मुलांचे, फोटो मी देत नाही. त्यांनी मला चहा पाजून फोटो काढू दिला तेव्हा तुमच्या चॅनलबद्दल बोलणं झालं नव्हतं. पाठमोरी माणसं असलेले पुष्कळ आहेत, त्यातला निवडा.

१९. तुमचे काही फोटो विकिमीडिया कॉमन्सवर आहेत. तिथं तर म्हणे कुणीही वापरावेत?

हो, तेवढे मी स्वतः तिथं दिलेत, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या "श्रेय द्या आणि तशाच अटींवर पुढे द्या" या परवान्याखाली. ते विकण्यासाठीही वापरता येतात. नाव आणि परवान्याचं नाव लिहायचं, आणि बदल करून नवं काही केलंत तर तेही त्याच अटींवर मोकळं ठेवायचं. कुठलाच प्रश्न विचारायचा कंटाळा असेल तर तिथूनच घ्या. बाकीच्यांचे तिथले परवाने वेगवेगळे असतात, प्रत्येक फोटोखालचा वाचावा लागतो.

२०. तुम्हाला लिहिलं पण उत्तर आलं नाही. होकार समजू का?

समजू नका. पावसाळ्यात मी बामणोलीकडं असलो की रेंज नसते, हे एक कारण. मूल उद्या सकाळी वही देणार असेल तर मात्र थांबूच नका, त्याला उत्तराची गरज नव्हतीच.

२१. आधीच नाव न लिहिता वापरला. आता?

पेन घ्या आणि लिहा. वही शाळेत जमा झाली असेल तर सोडून द्या. यूट्यूबवर असेल तर खालच्या वर्णनात नाव टाका आणि मला लिंक पाठवा.

२२. मी स्वतःच मोबाइलवर फोटो काढले तर बाई मान्य करतील का? तुमच्यासारखे येत नाहीत.

बाईंचं मी सांगू शकत नाही, माझं सांगतो. माझा चांगला फोटो आणि तुझा थोडा हललेला फोटो यांत प्रकल्पाच्या दृष्टीनं तुझा वरचढ आहे, कारण त्याची तारीख, वेळ आणि वाट तुला माहीत आहे. कासला गेलास तर फुलांत बसून फोटो काढू नकोस. एक बसला की मागं दहा बसतात आणि तिथला मातीचा थर फार पातळ आहे. वाटेवरूनच काढ. कासलाच जायला हवं असंही नाही, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर ऑगस्टमध्ये बघायला पुष्कळ असतं.

२३. प्रकल्प झाल्यावर तुम्हाला दाखवला तर चालेल का?

पाठवा. पानाचा फोटो पुरे. मी सगळे बघतो. सातवीतल्या एका मुलीनं असाच पाठवला होता, ठोसेघरच्या धबधब्याचा, आणि खाली माझ्या फोटोतून उतरवून घेतलेली तारीख: एप्रिल. सोबत एक ओळ होती: "काका, एप्रिलमध्ये तिथं एवढं पाणी कसं?" तेव्हा कळलं की बॅटरी बदलताना कॅमेऱ्याचं घड्याळ मागं गेलं होतं आणि त्या पावसाळ्यातल्या सगळ्याच फोटोंवर एप्रिल पडला होता. तो आता ऑगस्ट केलाय. त्याआधी ज्यांनी फोटो नेला त्यांच्या वहीत अजून एप्रिलच असेल. असेल तर खोडा.